नाव, देश आणि बाकी काही नाही

एखादा गायक आपल्याला आवडतो असं कुणासमोर म्हणायची सोय राहिलेली नाही. लगेच तोंडी परीक्षा सुरू होते. पहिला अल्बम कोणता? प्रत्यक्ष ऐकलंयस कधी? मग कसला तू चाहता! म्हणूनच इंटरनेटवरच्या फॅनलिस्टिंग, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या चाहत्यांची नुसती नावांची यादी, या आता बऱ्याच जणांना ठाऊकही नसलेल्या प्रकाराचं मला फार अप्रूप आहे. तिथे आवडतं म्हटलं की आवडतं. विषय संपला.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत या याद्यांना बहर आला होता. एका विषयाची एक छोटीशी वेबसाइट. त्यावर एक फॉर्म: नाव, ईमेल, देश, आणि स्वतःची वेबसाइट असलीच तर तिचा पत्ता. फॉर्म पाठवला की वाट बघायची, कारण पलीकडे यंत्र नव्हे, माणूस बसलेला असायचा. तो सवडीने अर्ज बघणार, मंजूर करणार, आणि मग आपलं नाव आपल्या देशाखाली चढणार. बस. पुढे काहीच नाही. चर्चा नाही, वादावादी नाही, ‘तुमचं मत नोंदवा’ नाही. इतकी निरुपयोगी गोष्ट लोकांनी इतक्या निष्ठेने केली याचंच मला कौतुक वाटतं.

विषय तरी कसले! नट-नट्या, गायक, मालिका हे ठीक. पण मालिकेतल्या दुय्यम पात्राचे चाहते वेगळे, दोन पात्रांची जोडी जमावी असं वाटणाऱ्यांची यादी आणखी वेगळी. पाऊस आवडणाऱ्यांची यादी, मांजरं आवडणाऱ्यांची यादी. पावसाला काय पडलंय त्याचं? पण नाव नोंदवणाऱ्याला पडलेलं असायचं. देशवार यादी वाचण्यात खरी गंमत होती. एका देशाखाली नावांची रांग, आणि मध्येच एखाद्या देशापुढे एकच नाव. त्या अख्ख्या देशात हा एकटाच, असं क्षणभर खरंच वाटून जायचं.

सभासद झाल्यावर एक बिल्ला मिळायचा: ८८ बाय ३१ पिक्सेलचं चित्र. याच मापाचं, नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरची जाहिरात करणारं ‘नेटस्केप नाऊ’चं बटण नव्वदच्या दशकात पानापानावर दिसायचं. तेवढ्याशा जागेत लोक काय काय कोंबायचे! नायिकेचा अर्धाच चेहरा, तोही एक डोळा केसांआड. त्यावर नाक स्क्रीनला लावल्याशिवाय वाचता येणार नाही असं बारीक अक्षर. आणि कडेला एका पिक्सेलची काळी चौकट. हा बिल्ला आपल्या पानावर लावून त्याला यादीची लिंक द्यायची. पाहुणा त्यावरून यादीत, यादीतून तिसऱ्याच्या पानावर. शोधयंत्राची गरजच पडायची नाही. त्याआधी १९९५ साली सेज वाइल यांनी सुरू केलेली वेबरिंग, म्हणजे एका विषयाच्या पानांची एकमेकांना जोडलेली साखळी, होतीच, पण तिथे ‘पुढे’ दाबत साखळीनेच फिरावं लागे आणि मधलं एखादं पान बंद पडलेलं निघालं की विरस व्हायचा. यादीत कुणाला कुणाची वाट अडवता येत नाही.

पण मला खरं कुतूहल आहे ते यादी सांभाळणाऱ्यांचं. द फॅनलिस्टिंग्ज नेटवर्क नावाची एक मध्यवर्ती व्यवस्था होती आणि तिची शिस्त भलतीच कडक. एका विषयाची मान्यताप्राप्त यादी एकच. ती हवी तर रीतसर अर्ज करा. मिळाली की वेळच्या वेळी अद्ययावत ठेवा, नाहीतर विषय हातचा गेला. नोकरी लागली, परीक्षा आली, किंवा आवडच उरली नाही, तर यादी दत्तक द्यायची. हो, दत्तकच म्हणत. पगार नाही, मान नाही. मिळकत एवढीच की अनोळखी माणसांची नावं नीट लावून ठेवायची. त्यासाठी कितीतरी जण हौसेने वेबपानं रचायला आणि डेटाबेस चालवायला शिकले.

पुढे ऑर्कुट हे सोशल नेटवर्क आलं. तिथल्या कम्युनिट्यांमध्येही बहुतेक जण काही लिहायला जात नसत, प्रोफाइलवर झळकायला जात. तेही २०१४ साली बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या: फेब्रुवारीत फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि ऑक्टोबरात फुकटात वेबपानं ठेवू देणारी जिओसिटीज बंद झाली, तिच्याबरोबर असंख्य घरगुती पानं गेली. बिल्ला लावायला भिंतच उरली नाही. २०१० पर्यंत फेसबुकच्या पानांवर ‘फॅन व्हा’ असं बटण होतं, त्याच्या जागीही ‘लाइक’ आलं. लाइकने काम सोपं केलं हे खरं, पण ते दोन कोटींवर गेलं की नुसता आकडा बघायचा. दोनशे जणांची यादी वाचता यायची.

आता २०१३ साली निघालेल्या, जिओसिटीजच्याच धर्तीच्या निओसिटीजवर हौशी मंडळी पुन्हा ते ८८ बाय ३१ चे बिल्ले चिकटवू लागली आहेत. काही याद्याही तग धरून आहेत. मला एखादी सांभाळायला मिळाली तर मी झोप हा विषय मागेन. ती वेळेवर अद्ययावत व्हायची नाही हे उघड आहे, आणि तेवढ्यावरून ती माझ्याकडून काढून घेतली तर सभासदांनी माझ्या बाजूने उभं राहायला हवं. अर्थात जागे असले तर.