बिनदोऱ्याचं मशीन

माझ्या बोटांचे ठसे उमटेनासे झाले, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, कराड आगारात. २०१९ साली ते गेले आणि मला ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन लागली. रक्कम मोठी नाही, पण किराणा आणि लाइटबिल त्यात निघतं. बाकीचं माझ्या शिवणकामावर. ही पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आधीची वर्षं मी सेवा केंद्रात जायचे, मशीनवर अंगठा ठेवायचे आणि पाच मिनिटांत घरी यायचे. २०२३ च्या डिसेंबरात अंगठा लागलाच नाही. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक करून दहाही बोटं झाली. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसून बघितली, व्हॅसलीन लावून बघितलं. तीन दिवसांत तीन हेलपाटे घातले. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत."

मी घरी येऊन खिडकीपाशी बसले आणि बोटं उजेडात धरली. चाळीस वर्षं सुई, कात्री आणि इस्त्री, वर घरची धुणीभांडी. खरंच, शेंडे गुळगुळीत झाले होते. या हातांनी काय काय केलं ते मला माहीत आहे, पण मशीनला ते हात माझे आहेत हे पटत नव्हतं. मला फार लागलं ते.

दाखला वेळेत गेला नाही आणि पेन्शन थांबली. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय ईपीएसलाही २०२२ पासूनच आहे, हे मला माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा कळलं. तो पिंपरीला असतो. जानेवारीत एका रविवारी आला, स्वतःच्या फोनमधून माझा चेहरा दाखवला आणि दहा मिनिटांत "झालं बघ आई" म्हणाला. राहिलेली पेन्शनसुद्धा मागाहून जमा झाली. जाताना त्याचा जुना स्मार्टफोन माझ्यासाठी ठेवून गेला. म्हणाला, पुढच्या वेळी यावरच करू.

"करू" म्हणजे तो करणार. तो रविवारी मोकळा असेल तर करणार. ते मला नको होतं.

पण शिकायचं कुणाकडून? फोन हातात घेऊन मी ज्याला ज्याला विचारलं, त्याने पहिलं वाक्य एकच म्हटलं, "आण इकडे." फोन हातातून जायचा, अंगठा सर्र सर्र फिरायचा आणि "हे असं, कळलं ना?" म्हणत परत यायचा. मुलगा तसाच, सून तशीच, शेजारचे भाऊजीही तसेच. सगळे मायेने करत होते. पण तेवढ्या वेळात माझी नजर त्यांच्या बोटामागे धावायची आणि मनात काही राहायचं नाही. चार महिने तो फोन मी फक्त आलेले कॉल घेण्यापुरता वापरला.

मे महिन्यात नात आली. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, अभ्यासाचा टॅबही बरोबर होता. दुपारी ती माझ्याजवळ बसायची आणि मी शेजारच्या गल्लीतल्या दोन मुलींना शिवण शिकवत असायचे. एक दिवस तिने विचारलं, "आज्जी, यांच्या मशीनमध्ये तू दोराच का घालत नाहीस?"

आमच्याकडे पद्धतच तशी आहे. मुलगी नवीन आली की पहिले चार-पाच दिवस दोरा ओवायचा नाही. वहीच्या रेघांच्या कागदावर रिकामी सुई चालवायची. पायडलवर पाय उलटा पडला की चाक मागे फिरतं. दोरा असता तर तुटून बॉबिनपाशी गुंता झाला असता, कापड असतं तर वाया गेलं असतं. कागदावर नुसती भोकं पडतात. भोकं रेघेवर आहेत की रेघ सोडून गेलीत ते मुलीला स्वतःलाच दिसतं. आणि शिकवणारीने चाकाला हात लावायचा नाही. एकदा हात लावला की मुलगी चाकाकडे बघायचं सोडून आपल्या हाताकडे बघायला लागते.

हे नातीला सांगता सांगता मी मध्येच थांबले. म्हटलं, "मला फोन असाच शिकव. दोरा न ओवता. आणि तुझे हात पाठीमागे ठेवून."

तिने ते अक्षरशः पाळलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या शेजारी बसायची.

सुरुवात तिच्या टॅबवर केली, कारण पडदा मोठा. त्यात चित्र काढायचं अ‍ॅप होतं. पहिले दोन दिवस मी बोटाने नुसत्या रेघा ओढल्या. सरळ, तिरक्या, मग गळ्याचे आकार काढले, पानगळा, मटका गळा. एक टिचकी मारली तर ठिपका, बोट ओढलं तर रेघ, दोन बोटं फाकवली तर चित्र मोठं. फोनवर करायचं ते सगळं या तीन-चार हालचालींतच आहे, आणि त्या मला कुणी सुट्या करून दाखवल्याच नव्हत्या.

तरी एक अडचण होती. कधी कधी मी टिचकी मारायचे आणि काहीच व्हायचं नाही. वाटायचं, इथेही माझी बोटं ओळखत नाहीत की काय. नातीने शोधून वाचून दाखवलं. ही काच दाब ओळखत नाही, कातडीतून जाणारी बारीकशी वीज ओळखते. बोट अगदी कोरडं, कडक असेल तर ते तिला नीट कळत नाही, नख तर कळतच नाही. माझी बोटं कडक, वर त्यांना दिवसभर मार्किंगच्या खडूची भुकटी. मग हात धुऊन, थोडं खोबरेल चोळून, पुसून बसायला लागले. शेंड्याऐवजी बोटाचा मऊ भाग टेकवायला लागले. पुष्कळ फरक पडला.

दुसरं म्हणजे माझं बोट काचेवर जास्त वेळ राहायचं. कापड दाबून धरायची सवय. फोनला वाटायचं मी काहीतरी उचलून हलवतेय, आणि फोनची हिरवी खूण भलतीकडेच जाऊन बसायची. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग आहे. तिथे बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, तो वेळ वाढवता येतो. आम्ही तो सगळ्यात जास्त केला. अक्षरं मोठी केली, भाषा मराठी केली. या तीन गोष्टी फोन हातात आल्या दिवशीच व्हायला हव्या होत्या. कुणी वयस्क माणसाला फोन देणार असाल तर आधी एवढं करून द्या, माझी कळकळीची विनंती आहे.

माझी मापांची वही आहे. उंची, छाती, मुंढा, बाही, प्रत्येक बाईचं एक पान. त्याच वहीत मागच्या बाजूने मी फोनच्या खुणा काढायला लागले. तीन टिंबं म्हणजे 'इथे अजून काही आहे'. भिंग म्हणजे शोधायचं. डावीकडे वळलेला बाण म्हणजे मागे. दातेरी चाक म्हणजे सेटिंग्ज. खूण आधी पेनाने काढायची, मग फोनवर शोधायची. हाताने काढलेलं माझ्या लक्षात राहतं.

सगळ्यात मोठी भीती होती ती काहीतरी बिघडेल याची. नात सारखी म्हणायची, "काही होत नाही गं, दाब बिनधास्त." मला ते पटत नव्हतं, आणि तिचं पूर्ण बरोबरही नव्हतं. माझ्या मनात त्याचा उलगडा शिवणातूनच झाला. शिवणात दोन तऱ्हेच्या चुका असतात. टाका चुकला तर उसवता येतो. कात्री चुकली तर कापड गेलं. फोनमध्ये बहुतेक सगळे टाके आहेत. भलत्या ठिकाणी गेलात तर मागे या, घराच्या खुणेवर या, काही बिघडलेलं नसतं. कात्रीची कामं थोडी आहेत, पण ती ओळखून ठेवायला हवीत.

मी ती लाल पेनाने लिहून काढली. यूपीआयचा पिन, तो पैसे पाठवताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. ओटीपी, तो फोनवर कुणालाही वाचून दाखवायचा नाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, शेवटी एपीके लिहिलेली फाइल फोनमध्ये परकं काहीतरी बसवते, ती उघडायची नाही. 'कायमचे हटवा' लिहिलेलं असेल तिथे हात उचलून दोनदा वाचायचं. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन. हे पान मी मशीनच्या वरच्या भिंतीला चिकटवलं आहे.

ते पान कामाला आलं. ऑगस्टमध्ये एकाचा फोन आला. अगदी गोड बोलत होता, माझं नाव माहीत होतं, पेन्शन आहे हे माहीत होतं. म्हणाला, दाखल्याची मुदत संपत आली आहे, मी फाइल पाठवतो, उघडा आणि आलेला नंबर मला सांगा. माझे हात थरथरत होते. आधीच एकदा पेन्शन थांबलेली, तेच भय त्याने नेमकं पकडलं होतं. समोर भिंतीवर लाल अक्षरं होती. मी फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला. ब्लॉक करायला तीन टिंबांतून जावं लागतं, ते मला तोवर येत होतं.

मराठी लिहिण्यात जोडाक्षरांनी दमवलं. 'च्या' लिहायला च, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य, मग काना. 'दोऱ्या' लिहायला आले तेव्हा तर अर्धी दुपार गेली. मग माइकची खूण सापडली. ती दाबून बोललं की मराठीत उमटतं. बहुतेक बरोबर येतं, चुकलेला शब्द तेवढा बोटाने नीट करायचा. हे सगळं मी तसंच बोलून लिहिते आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये दाखल्याची वेळ आली. ईपीएसचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळे सरकारी पेन्शनीसारखं नोव्हेंबरच धरून बसावं लागत नाही. मुलाला मी कळवलंच नाही. नातीशी आदल्या रात्री फोनवर बोलून पायऱ्या वहीत लिहून घेतल्या. अ‍ॅप दोन लागतात, दाखला भरायचं जीवन प्रमाण आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी. त्यातले इंग्रजी शब्द मराठीत लिहून ठेवले, सबमिट, स्कॅन, प्रोसीड.

दुपारी मशीन झाकून स्टुलावर बसले. अ‍ॅप आधी 'ऑपरेटर'ची माहिती मागतं, म्हणजे ज्याच्या फोनवरून दाखला भरायचा त्याची. मुलाच्या वेळी ऑपरेटर मुलगा होता. या वेळी ऑपरेटर मी आणि पेन्शनरही मी. आधार नंबर, मोबाइल, ईमेल, मग ओटीपी. मग चेहरा. पडद्यावर गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची, म्हणजे समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे हे त्याला कळतं.

पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. पोटात गोळा आला, पुन्हा ते केंद्रातले तीन दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. मग लक्षात आलं, खिडकी माझ्या पाठीमागे होती, चेहऱ्यावर अंधार. शिवताना उजेड समोरून घ्यायचा हे मी मुलींना रोज सांगते. स्टूल फिरवून खिडकीकडे तोंड केलं, चष्मा काढला, उघडझाप केली. गोल हिरवा झाला.

पुढे पेन्शनरची माहिती. पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, आणि खातेनंबर. मग दोन प्रश्न येतात. पुन्हा नोकरी धरली आहे का? आणि पुन्हा लग्न केलं आहे का? मुलाने भरला तेव्हा या प्रश्नांची उत्तरं त्याने मला न दाखवताच दिली असणार, बहुधा संकोचाने. मी तिथे थोडा वेळ थांबले. समोरच्या भिंतीवर यांचा फोटो आहे, खाकी कपड्यातला, छातीवर बिल्ला. नियम म्हणून विचारतात, मला कळतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच बोटाने दिलं गेलं, हे मला बरं वाटलं. दोन्हींना 'नाही' केलं आणि पुन्हा एकदा चेहरा दाखवला.

मेसेज यायला फार वेळ लागला नाही. त्यात प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर होता. तो मी वहीत यांच्या नावाच्या पानावर उतरवून घेतला. ते पान अजून आहे, शेवटच्या शर्टाचं माप आहे त्यावर. मग नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिने दोन्ही हात वर करून दाखवले, आता ते पाठीमागे बांधायची गरज नाही हे सांगायला.

आता बायका ब्लाउजचं डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पूर्वी कुणाच्या लग्नात बघितलेला गळा त्या हवेत बोट फिरवून समजावायच्या. आता फोटो येतो आणि मी दोन बोटं फाकवून पाठीवरची लेस कुठून वळवली आहे, पायपिंग आहे की नुसती पट्टी, टाका हाताचा आहे की मशीनचा, सगळं बघते. काल एकीने दोरीवाला गळा पाठवला. लटकनपाशी बारीक चुण्या होत्या, त्या कशा घातल्यात ते फोटो मोठा केल्यावर कळलं. आज कापायला घेतलाय.