डाव्या हाताचं काम

सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकली की आपल्याला पंखा दिसतो, छताचे पोपडे दिसतात. न्हाव्याचे हात दिसत नाहीत. ऐकू येते ती फक्त गालावरची खरखर. त्यामुळे वर्षानुवर्षं दाढी करून घेऊनही ती होते कशी, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सगळं श्रेय वस्तऱ्याला देऊन आपण मोकळे होतो. मी हल्ली घरीच वस्तरा चालवायला शिकतो आहे, आणि आरशात जे दिसतंय ते काही वेगळंच आहे.

वस्तरा म्हणजे आताशा सलूनमध्ये असतो तोच, ब्लेडचा. दुमडणारी मूठ, पुढे एक फट, तिच्यात अर्धं ब्लेड. हे ब्लेड अर्धं करणं हा मला यातला सर्वांत आवडलेला भाग. ब्लेड कागदातून काढायचंच नाही. कागदासकट लांबीत दुमडत न्यायचं, दोन्ही धारी एकमेकींजवळ आल्या की कट् असा आवाज होतो आणि दोन तुकडे पडतात. एक तुकडा टोकांना धरून फटीत सरकवायचा, दुसरा कागदात गुंडाळून पुढच्या खेपेला ठेवायचा. मग वस्तरा उजेडाकडे धरून बघायचं. ब्लेड जरासं जरी तिरकं बसलं असलं तरी त्याचा एक कोपरा बाहेर डोकावतो. धार परवडली, पण तो कोपरा नको; गालावरच्या निम्म्या ओरखड्यांचा धनी तोच असतो.

गंमत अशी, की हे ब्लेड जन्माला आलं तेच मुळी वस्तऱ्याची सुट्टी करायला. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसाने फेकून देता येणारं दुधारी ब्लेड आणि त्याचा सेफ्टी रेझर १९०३ साली विकायला काढला. त्या वर्षी खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. १९०४ साली पेटंट मिळालं आणि खप हजारांत गेला. धार लावायची कटकट नको, गळा कापायची भीती नको, उघडी धार हातात घ्यायलाच नको, असा सगळा मामला. आणि आपल्या सलूनवाल्यांनी काय केलं, तर तेच ब्लेड मधोमध मोडून परत वस्तऱ्यात बसवलं! एका ब्लेडमध्ये दोन गिऱ्हाइकं. साहेबांना हे बघायला मिळायला हवं होतं.

त्याआधीचा वस्तरा अखंड पोलादाचा. दगडावर पाणी टाकून त्याला धार लावायची आणि दाढीच्या आधी चामड्याच्या पट्ट्यावर उलटासुलटा पाजवायचा. तो चटक-फटक आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवत असेल. पण तोच वस्तरा दिवसभर गावाच्या गालांवरून फिरायचा, हेही खरं. १९८६ साली आपल्या देशात एचआयव्हीची पहिली प्रकरणं उघडकीला आली, पुढच्या काही वर्षांत त्याची भीती खेडोपाडी पोचली, आणि लोक खुर्चीत बसता बसताच ‘नवीन ब्लेड लावा हं’ म्हणायला लागले. आता न सांगताच आपल्या डोळ्यांदेखत ब्लेड मोडलं जातं.

जुन्या वस्तऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट राहून जाऊ नये. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन यापुढे आम्ही करणार नाही, असं ठरवलं. कामगार चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. रोजच्या कमाईवर पोट असलेल्या माणसांनी येणारं काम नाकारलं. वस्तऱ्याची बखर लिहायची झाली तर धार आणि पोलाद बाजूला ठेवून मी आधी ते पान लिहीन.

असो. तर शिकणं. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांकडे विषय काढला तेव्हा ते हसले. ‘तुमचं दुकान बंद करायचा विचार नाही काका,’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘करा हो खुशाल. फक्त दाबू नका. त्याचं वजन त्याला पुरेसं आहे.’ मग समोरचं गिऱ्हाईक तसंच बसवून त्यांनी मला धरायचं कसं ते दाखवलं. मूठ मागे उघडी, खालून अंगठा, वरून तीन बोटं, आणि मागच्या वाकड्या शेपटीवर करंगळी. वस्तरा गालावर आडवा टेकवायचा आणि पाठ साधारण तीस अंश उचलायची. कमी उचलली तर केस ओढला जातो, जास्त उचलली तर कातडी खरवडते. हात आखूड मारायचे. आणि भाजीवर सुरी ओढतात तसा धारेच्या लांबीच्या दिशेने वस्तरा कधी, म्हणजे कध्धीच ओढायचा नाही. नवशिकी पोरं फुग्याला साबण लावून हात बसवतात. फुगा फुटला की चूक कुठे झाली ते आपोआप कळतं.

हे सगळं उजव्या हाताचं झालं, आणि ते तसं लवकर जमतं. खरी शाळा आहे ती डाव्या हाताची. वस्तरा ताणलेल्या कातडीवर चालतो, ढिल्या कातडीवर अडखळतो. म्हणून कल्ल्याजवळ दोन बोटं टेकवून गाल वर खेचायचा, जबड्याशी आलं की कातडी मागे कानाकडे घ्यायची, गळ्याला हनुवटी वर करून खालून, हाडाजवळून ओढायचं. वस्तऱ्याच्या प्रत्येक फेरीला ताण बदलतो. उजव्या हाताने कुठे जायचं हे डावा हात आधी ठरवतो. त्यात बोटं साबणाने बुळबुळीत झालेली. त्यावरचा उपाय तुरटी. आपण ती रक्त थांबवायला ठेवलेली असते. पण ओल्या तुरटीवर बोटांची टोकं घासली की अशी पकड येते की कातडी हलत नाही.

ताणाचा आणखी एक फायदा म्हणजे केस उभा राहतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून ती पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातली होती. पोलाद केसापेक्षा पन्नासेक पट कठीण. तरी केस झुकून धारेला तिरका भिडला की धारेच्या कडेचे बारीक टवके उडू शकतात, असं त्यांना दिसलं. माझ्या दाढीत एवढी मर्दुमकी आहे हे वाचून बरं वाटलं. तेव्हापासून केस भिजवायला मी पाण्याला आणि ब्रशला दोन-तीन मिनिटं जास्त देतो. भिजलेला केस फुगतो, मऊ पडतो आणि मुकाट्याने कापला जातो. फेस काढण्यात आळस केला की सकाळ बिघडलीच म्हणून समजा.

हे ब्लेड पोलादी वस्तऱ्यापेक्षा कमी धारदार असेल असं मला वाटत होतं, पण तसं नाही. कारखान्यातून येणारी धार जास्तच तीक्ष्ण असते, आणि पातं इतकं हलकं की हाताची प्रत्येक थरथर थेट गालावर उतरते. जुना जड वस्तरा थोडंफार सांभाळून घेतो. हा काहीच पोटात घालत नाही.

आणि चेहरा. तो आपलाच, रोज बघितलेला. पण गळ्यावर केस कुठे खाली वाढतात, कुठे आडवे आणि घाटीच्या डाव्या बाजूला चक्क भोवरा आहे, हे वस्तरा हातात आल्यावरच कळलं. साध्या रेझरने आपण उलटसुलट ओढून काम उरकतो. इथे दर बोटभर जागेला केसांची दिशा विचारावी लागते. डाव्या गालावर तर उजवा हात तोंडासमोरून आडवा जातो आणि आरशातला अर्धा चेहरा झाकून टाकतो; तिथे डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त. फेसाखालून स्वच्छ, कोरडी खरखर आली की कोन बरोबर आहे. आवाज बंद झाला की थांबावं.

यात वेळ जातो. ऑफिसच्या दिवशी या वाटेला जाऊ नये. रविवारी मात्र मी निवांत असतो आणि दाराबाहेरून आवाज येतो, ‘अहो, आहात ना अजून आत?’ तिला काळजी माझी आहे की बाथरूमची, हे मी विचारत नाही.

एक जागा मात्र मला अजून साधलेली नाही. नाकाखालची. सलूनमध्ये काका नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर उचलतात आणि तीन हातांत ओठ साफ करतात. स्वतःचं नाक स्वतः धरलं की तोच हात आरशाच्या आड येतो, आणि ओठ आतून दाताशी ताणून धरावा तर हसू येतं. डाव्या हाताला तिथे उभं राहायला जागाच नाही. म्हणून मी मिशी राखली आहे. भारदस्त दिसते, असं नातेवाईक म्हणतात.