अडगळीच्या खोलीत झाडं लावली त्याची गोष्ट

आधीच सांगते, मी सगळं उलटं केलं. झाडं आधी आणली आणि खोलीचा विचार नंतर. घरात एक जास्तीची खोली होती, मोडका टेबल, जुन्या बॅगा, कधी ना कधी लागेल म्हणून ठेवलेली खोकी, आणि खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. एका रविवारी ती रिकामी केली, लोखंडी रॅक लावला आणि अकरा कुंड्या मांडल्या. फोटो मस्त आले, पण दीड महिन्यात त्यातली पाच झाडं गेली.

आता पान पिवळं पडलं की आपला हात आपोआप तांब्याकडेच जातो ना, माझाही गेला. एक दिवसाआड पाणी, थोडं थोडं, सगळ्यांना सारखं. शेवटी कॅलाथिया (नक्षीदार पानांचं शोभेचं झाड) मान टाकून बसली तेव्हा कुंडीतून उपटून बघितली, मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुळकन निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला, वास म्हणजे आठवडाभर पाणी न बदललेल्या फुलदाणीचा. तहानेने मेली नव्हती, मीच बुडवली होती. नंतर डोक्यात प्रकाश पडला की मुळात कमी होता तो उजेड, उजेड कमी तर झाड वाढत नाही, वाढत नाही तर पाणी पीत नाही, आणि मी मात्र अंगणातल्या झाडाच्या हिशेबाने ओतत होते.

पण खोलीत उजेड तर होता की! आरामात पेपर वाचता येईल इतका. फोनवर लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते, मोजायचं ॲप टाकलं (अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो) आणि भर दुपारी खोलीच्या मध्यावर धरलं तर 150. खिडकीच्या कट्ट्यावर 1800. बाहेर कडक उन्हात हाच आकडा 1 लाखाच्या आसपास जातो. आपले डोळे कमी उजेडाला पटकन सरावतात म्हणून कळत नाही, झाडाला ती सोय नाही.

मग लाइट आणले. पहिल्यांदा झाडांसाठीचा म्हणून मिळतो तो जांभळा, पॅकवर 1000 वॉट लिहिलेला, वीज मोजायचा प्लग लावून बघितलं तर खात होता 96. बरं ते सोडा, त्या जांभळ्या उजेडात पान पिवळं की हिरवं की काळं काही समजेना, कीड लागली तरी दिसणार नाही आणि दहा मिनिटांत डोकं दुखायचं. तो दिला काढून. त्याऐवजी साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबा, 4 फुटी, 20 वॉटच्या, 6500 केल्विनवाल्या (म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या), प्रत्येक फळीवर दोन. झाडांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचा उजेड लागतो आणि पांढऱ्यात तो सगळाच येतो, त्यासाठी वेगळ्या रंगाची नाटकं लागत नाहीत. अंतराचं मात्र बघा. ट्यूब दीड फूट वर होती तेव्हा पानांवर 3000 लक्स, एका वितीवर आणली तर 5000. घरातल्या शोभेच्या झाडांना दिवसाला 14 तास एवढा पुरतोय. झेंडूची रोपं मात्र सुतासारखी लांबून आडवी पडली, त्यांना तिसरी ट्यूब लावावी लागली.

वायरिंग स्वतः करू नका प्लीज. मी एक्स्टेंशन बोर्ड खालच्या फळीवर ठेवला होता, वर कुंड्या, कुंड्यांतून पाणी गळतंय, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं! इलेक्ट्रिशियनने बघून नुसतं कपाळाला हात लावला. आता बोर्ड भिंतीवर उंच आहे, वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबवून मग वर नेलीये म्हणजे पाणी ओघळलंच तर झोळाच्या तळाशीच टपकेल, आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच.

ओलीचा त्रास वेगळाच. रात्री लाइट बंद झाले की खोली गार होते आणि दार बंद असेल तर आर्द्रता 85 टक्क्यांवर, रॅकच्या मागे भिंतीला काळे ठिपके आले, रंगाचे पोपडे सुटले. नवरा म्हणाला झाडांची खोली केलीस की बुरशीची? रॅक अर्धा फूट पुढे ओढला, एक छोटा पंखा सतत हळू चालू ठेवला, दार उघडं, आता 55-60 वर असते. पंख्याने रोपांची खोडंही जाड झाली, तो बोनस.

चिलटं झाली होती ती पाणी कमी केल्यावरच गेली. त्यांच्या अळ्या वरच्या इंचभर ओल्या मातीत असतात, ती सुकू द्यायची. पिवळे चिकट कागद नुसती उडणारी पकडतात, ते मी महिनाभर लावून ठेवले कारण एक पिढी मरते तोवर दुसरी बाहेर येते. आता पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघते, हलकी लागली तरच. कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) वरून खडखडीत आणि तळाशी चिंब असू शकतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही.

सध्या फक्त टायमरचं भांडण चालू आहे. गोल फिरणारा साधा टायमर घेतला, लाइट गेली की तोही थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर दाराच्या फटीतून लख्ख उजेड, दीड वाजलेला आणि माझा मनी प्लांट भर दुपार असल्यासारखा उभा. आता दर रविवारी त्याचं घड्याळ जुळवायचं काम माझ्याकडे आहे, बॅटरीवाला मिळेपर्यंत.