कंधारच्या खंदकातले लेकुरवाळे बाप

नांदेडहून कंधार साधारण पन्नास किलोमीटर. रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. पावसाळा सरता सरता गेलं की किल्ल्याच्या खंदकात पाणी असतं, म्हणून मुद्दाम तेव्हाच गेलो. राष्ट्रकूटांच्या या जुन्या गावातला भुईकोट, त्याचे दरवाजे, बुरूज सगळं पाहिलं. पण त्यावर भरपूर लिहून झालंय. माझी गाडी अडली ती खंदकाच्या काठाशी.

वर टाचण्यांच्या, म्हणजे चतुराच्या भाऊबंद असलेल्या बारीक किड्यांच्या, जोड्या. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान पकडलेली, आणि ती तशीच पाणवनस्पतीत अंडी घालतेय. हे प्रेमबिम नाही, पहारा आहे. टाचणीचा नर मिलनाच्या वेळी मादीच्या पोटातलं आधीच्या नराचं वीर्य खरवडून काढू शकतो. १९७९ साली संशोधक जोनाथन वॉग यांनी एका अमेरिकी टाचणीत हे दाखवून दिलं. मग पकड सोडायची कशाला?

खरी मजा शेवाळाखाली होती. दीडेक सेंटिमीटरचा तपकिरी, चपटा पाणढेकूण, आणि पाठभर उभी चिकटवलेली फिकट अंडी.

शेळ्या घेऊन आलेले एक मामा वाकून बघायला लागले. "काय बघायलाव हो? पाठीला फोड आलेत का त्याच्या?"

"अंडी आहेत, मामा. हा नर आहे."

"बाप्या? अन् बाई कुठंय?"

ती अंडी देऊन मोकळी! पूर्वी अभ्यासकांनाही अंडी वाहणारी ती मादीच वाटायची. नीट बघितलं तर तो मधूनमधून पृष्ठभागाशी येऊन अंगाला हलके झोके देत होता. अंडी सतत बुडाली तर गुदमरतात, कोरडी पडली तर मरतात. म्हणून हा व्यायाम. शिवाय पंखांवरच अंडी, त्यामुळे पिल्लं निघेपर्यंत उडणं बंद.

एवढं ओझं वाहायचं तर पोरं आपलीच हवीत. कीटक-अभ्यासक रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकेतल्या अॅबेडस या पाणढेकणाच्या भाईबंदावर प्रयोग केले. तिथला नर आधी मिलन झाल्याशिवाय पाठ देतच नाही, आणि दोन-चार अंडी झाली की मादीला थांबवून पुन्हा मिलन. असं तासन् तास चालतं. शेवटच्या मिलनाचं वीर्यच बहुतेक अंडी फळवतं, त्यामुळे हा हिशेब चोख बसतो. मला तर हे टाचणीच्या पहाऱ्यापेक्षा सरस वाटतं: पहारा कशाला, पाठच आपली!

मामांना हे सांगितलं, जरा आडवळणाने. ते म्हणाले, "लई हुशार हाय की बेनं," आणि शेळ्या हाकायला लागले.

जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी पाणी चमकतं आणि खालचं काही दिसत नाही. आणि पाणढेकूण चिमटीत धरू नका. सोंड खुपसतो, चांगलंच झोंबतं.