आमची वाटचाल : स्पेअर मिळत नाही तिथून पुढे

जुनी इलेक्ट्रॉनिक मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणं हा आमचा धंदा. त्यातलं आमचं पहिलं मोठं काम नुकसानीत गेलं, हे आधीच सांगून टाकतो.

भोसरीतल्या एका कारखान्याचा एचपी ३४७८ए मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारा मीटर, आला होता. साडेपाच डिजिटचा, ऐंशीच्या दशकातला. तक्रार एवढीच की एक बटण दबत नव्हतं. उघडल्यावर बोर्डावर तीन व्होल्टची जुनी लिथियम बॅटरी दिसली. म्हटलं, हात घातलाच आहे तर हीपण बदलू. बदलली, मीटर लावला आणि डिस्प्लेवर कॅलिब्रेशनची एरर! या मीटरचे कॅलिब्रेशनचे आकडे, म्हणजे अचूक मोजण्यासाठी लॅबने बसवलेल्या दुरुस्त्या, रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) असतात, आणि मीटर बंद असताना ती रॅम त्या बॅटरीवर जगते. मी तिचा श्वासच तोडला होता. पुन्हा कॅलिब्रेशन करून घ्यायचे लॅबचे पैसे खिशातून भरले. मालक काही बोलले नाहीत, पण पुढचा मीटर वर्षभराने पाठवला.

आता आधी जीपीआयबीवरून (मीटर कॉम्प्युटरला जोडायच्या पोर्टवरून) ते आकडे कॉम्प्युटरवर उतरवतो. मग बाहेरून तीन व्होल्ट समांतर जोडतो, सोल्डरिंग आयर्न तापलं की त्याचा प्लग काढतो, आणि मगच जुन्या बॅटरीचे पाय सोडवतो.

नोकरी सुटली तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यातली खोली, एक टेबल आणि जुन्या बाजारातून आणलेला स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) एवढंच भांडवल होतं. हिशेब बायकोकडे, तो आजही तिच्याकडेच आहे. साधे रेझिस्टर, कपॅसिटर बुधवार पेठेत मिळायचे. पण सत्तरच्या दशकातल्या स्कोपचा टनेल डायोड, हा आता दुर्मिळ झालेला छोटा पार्ट, मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग चहा मागवायचा.

लोक विचारतात, नवीन का घेत नाहीत? कारखान्यांचं उत्तर सोपं आहे. टेस्टिंगचा अख्खा प्रोग्रॅम त्या जुन्या मीटरच्या कमांडवर लिहिलेला असतो आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. कॉलेजं आणि हॅमवाले (हौशी रेडिओवाले) येतात ते मात्र प्रेमापोटी.

टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ४६५ स्कोप आला की मी खूश. थेंबाएवढा टँटलम कपॅसिटर शॉर्ट होतो आणि अख्खी सप्लाय रेल, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी लाइन, खाली बसते. रेलचा रेझिस्टन्स मोजत, एकेक फांदी सोडवत गेलं की सापडतो. पार्ट वीस रुपयांचा, त्यामुळे बिलावरून घासाघीस ठरलेली. शोधायला दीड दिवस लागला हे बिलात कुठे लिहायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

त्याहून जुन्या, व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) टेक्ट्रॉनिक्सची तऱ्हाच वेगळी. आत सिरॅमिकच्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत चांदीचा थर आणि त्यावर सोल्डर. साधं सोल्डर वारंवार लावलं की ते चांदी खाऊन टाकतं आणि जोड सुटतो. म्हणून सुमारे तीन टक्के चांदीचं सोल्डर लागतं. त्याचा छोटासा रीळ कंपनीने यंत्राच्या आतच ठेवलेला असायचा. पहिल्यांदा तो रीळ दिसला तेव्हा मी काम थांबवून भाच्याला हाक मारली होती.

उत्पादन बंद झालेले आयसी (चिप) परदेशातून मागवताना आम्ही दोनदा फसलो. नंबर बरोबर, छपाई कोरी करकरीत. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर छपाई बोळ्यावर आली आणि खाली भलताच नंबर! तेव्हापासून आलेला प्रत्येक आयसी आधी पुसायचा, मग सॉकेटवर तपासायचा. आणि मेलेलं यंत्र भंगारात द्यायचं नाही, त्याचे पार्ट दुसऱ्याला लागतात. अशी अकरा धुडं आमच्या गॅलरीत आहेत. बायको त्यांना ‘तुमचे पाहुणे’ म्हणते. कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे.

सध्या टेबलावर एका निवृत्त प्राध्यापकांचा स्कोप उघडा पडलाय. बाकी सगळं झालंय, ट्रिगरचा (पडद्यावरची लाट स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) टनेल डायोड तेवढा हवाय. एक तारखेला पेन्शन काढून आले की सरांचा फोन येतो, “काय हो, आला का आमचा डायोड?”