टो रोप घेताना मी आधी बक्कल बघते

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात अँगलसी नावाचं बेट आहे. सी कयाकिंगवाल्यांची, म्हणजे कयाक ही अरुंद, छोटी होडी समुद्रात वल्हवणाऱ्यांची ही पंढरीच. बेटाच्या पश्चिम अंगाला पेनरिन मौरच्या खडकांना वळसा घालताना भरतीचं पाणी नुसतं खवळतं. कयाकचा नेहमीचा वेग 3-4 नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेपाच ते साडेसात किमी. उधाणाच्या दिवसांत इथला प्रवाह त्याहून जोरात धावतो. अशा जागी सोबतच्या कुणाचा खांदा निखळला किंवा समुद्र लागून उलट्या सुरू झाल्या, तर त्याची कयाक ओढून आणायला लागतो तो टो रोप. मालवणकडे कयाक घेतलेले काही मित्र 'कुठला दोर घेऊ?' असं विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात सगळे दोराची जाडी चाचपतात. मी आधी, दोर ज्याला जोडलेला असतो त्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बघते. ओढत असलेली कयाक लाटेनं भलतीकडे फेकली किंवा दोर खडकात अडकला, तर तो ताण थेट आपल्या कमरेवर येतो. त्या क्षणी एका हातानं, हातमोजे घातलेले असताना, पट्टा सुटलाच पाहिजे. बक्कलाच्या टोकाला मोठा गोळा असतो, तो खेचायचा. दुकानातच पट्टा बांधा, कुणाला तरी मागून जोरात ओढायला सांगा आणि डोळे मिटून सोडवून बघा. नाही सुटला तर तो ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. लाइफ जॅकेटचा दुसरा कुठला पट्टा त्यावरून जात नाही ना, तेही बघा.

लांबी साधारण 15 मीटर हवी. लाटा मागून येत असतील तर मागची कयाक लाटेवरून घसरत येते आणि दोर आखूड असला तर तिचं नाकाड थेट आपल्या पाठीत. खडकाजवळून कुणाला पटकन बाजूला काढायचं असेल तेव्हा मात्र एवढा दोर अडचणीचा, म्हणून बरेच जण त्याचा काही भाग साखळीसारखा गुंफून ठेवतात.

दोर तरंगणारा हवा. पॉलिप्रोपिलीन तरंगतं, नायलॉन बुडतं. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोरही तरंगतो, बारीक असून भक्कम, पण ताणला जात नाही. त्याला रबरी दोरीचा तुकडा जोडलेला नसेल तर प्रत्येक लाटेला कमरेला हिसका बसतो. दुसऱ्या कयाकला अडकवायच्या हुकाजवळ फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा असावा. हुक स्टेनलेस स्टीलचा घ्या, गिर्यारोहणाचे ॲल्युमिनियमचे हुक खाऱ्या पाण्यात जाम होतात. शिवाय त्याच्या तोंडाला आतून खाच नको. ती नेमकी डेकवरच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूच्या दोरीत अडकते.

दोर ठेवायच्या पिशवीचं तोंड रुंद असावं. गारठलेल्या बोटांनी, हलत्या होडीत दोर परत भरायचा असतो. भरताना गुंडाळी करू नका, गुंडाळीचे वेढे एकमेकांत अडकतात. हुकाचं टोक बाहेर ठेवून बाकीचा दोर मूठ-मूठ कोंबत गेलात की ओढल्यावर सरळ सुटत येतो.