पाच टेबलं आणि एक फडकं

आमच्या शाळेच्या हस्तकला मंडळाचा वर्षातून एकच कार्यक्रम असायचा. डिसेंबरातला दुसरा रविवार, शाळेचा सगळ्यात मोठा वर्ग, भिंतीला सरकवलेले बाक, मधे ओळीनं मांडलेली पाच टेबलं, आणि संध्याकाळच्या आत तयार व्हायलाच हवीत अशी दोनशे ग्रीटिंग कार्डं. नाताळलाही चालतील आणि नव्या वर्षालाही. निवृत्त शिक्षक, शाळा सोडून गेलेली मुलं, सुट्टी दवाखान्यातच काढावी लागणारी मुलं, अशा सगळ्यांना ती जायची. मंडळाच्या वहीत त्या दिवसाला ‘कार्यशाळा’ असं भारदस्त नाव होतं. आम्ही सरळ ‘छापखाना’ म्हणायचो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहावीत होते. आपल्या हातात एक कार्ड देतील, आपण ते मनासारखं सजवू, मागे बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकू, असं सगळं ठरवून गेले होते. यातलं काहीच झालं नाही. इथे कार्ड कुणा एकाचं नसायचंच. ते पाच टेबलांवरून फिरत जायचं आणि मागच्या बाजूला मंडळाचा छोटा ठसा, बास. नव्या माणसानं पहिल्या टेबलावर बसायचं आणि घड्या घालायच्या. दिवसभर. मी त्या दिवशी रडायचीच बाकी होते.

पण घडी घालणं हेही शिकावं लागतं, हे तिथेच कळलं. ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध कापला की त्याचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मधे दुमडला की बरोबर सी-सिक्स पाकिटात बसणारं कार्ड. या मापांची गंमत अशी की कागद कितीही वेळा निम्मा करा, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. कागदालाही लाकडासारखी दिशा असते. तंतू ज्या बाजूला पसरलेले असतात त्या बाजूनं दुमडला तर घडी सुरेख बसते, आडवा दुमडला तर तडकते आणि रंगीत कागदाच्या पाठीवर पांढरी केसाळ रेघ उमटते. चित्रकलेचे सर कागद तळहातावर घेऊन हलकासा वाकवायचे, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. ज्या बाजूनं तो मुकाट वाकेल ती दिशा. संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून रेघ दाबायची, मग दुमडायचं, मग चमच्याच्या पाठीनं घडीवरून एकदाच फिरवायचं. दोनदा फिरवलं की कागदाला चकाकी येते, आणि सरांना ती चकाकी लांबूनही दिसायची.

दोन वर्षांनी मला दुसऱ्या टेबलावर घेतलं. ते ठशांचं टेबल.

लाकडी मुठीचे जुने रबरी ठसे एका बुटाच्या खोक्यात असायचे. घंटा, देवदार, मेणबत्ती, पंख पसरलेला पक्षी. त्यातल्या पक्ष्याची चोच कधीकाळी झिजून गेली होती, त्यामुळे आमच्या शाळेच्या कार्डांवरचा पक्षी कायम बिनचोचीचा. कुणीतरी पेनानं चोच काढून द्यायचं, आणि ते काम ज्याच्याकडे जाई त्याच्या स्वभावाप्रमाणे तो पक्षी कधी पोपट व्हायचा, कधी बगळा. पुढे पारदर्शक ठसे आले. ते ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर आपोआप चिकटतात आणि आरपार दिसतं, म्हणजे ठसा नेमका कुठे पडणार ते आधीच कळतं. दिसायला काम सोपं. पण कोऱ्या ठशावर शाई नीट पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहते. त्यावर खोडरबर हलकेच घासायचं, की तुळतुळीतपणा जातो आणि शाई धरते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी वीस कार्डांवरच्या देवदारांना देवी आल्यासारखे ठिपके पडले, तेव्हा शोध लागला.

ठसा मारताना माणसाचा स्वभाव बाहेर येतो, असं माझं पक्कं मत आहे. घाबरट माणूस अलगद टेकवतो, निम्मी घंटा उमटते. हौशी माणूस ठसा टेकवल्यावर तो पुढे-मागे डोलवतो, मग रबराच्या कडाही उमटतात आणि चित्राला चौकोनी भूत चिकटतं. सरळ खाली, घट्ट दाब, सरळ वर. ठसा मोठा असेल तर उलटंच करायचं. ठसा तोंड वर करून टेबलावर ठेवायचा, शाई लावायची, कागद वरून पसरायचा आणि बोटांनी चोळायचा. शाईचेही दोन प्रकार. एक पाण्यासारखी, लगेच वाळणारी, पण ओल लागली की फुटणारी. दुसरी दाट, कागदाच्या वर राहणारी, वाळायला अंत बघणारी. तिच्या त्या वेळखाऊपणाचा फायदा घेणारं काम मला सगळ्यात आवडायचं. शाई ओली असतानाच वरून बारीक भुकटी टाकायची, कागद टिचकी मारून झटकायचा, जास्तीची भुकटी पुन्हा डबीत, आणि मग खालच्या बाजूनं गरम हवेचा झोत. काही क्षण काहीच होत नाही. आणि मग एका कोपऱ्यातून भुकटी वितळत, चकचकत जाते आणि बोटाला लागेल अशी उठावदार सोनेरी रेघ तयार होते. ते बघायला इतर टेबलांवरची मुलंही कामं टाकून यायची. सर ओरडायचे आणि ओरडून झाल्यावर स्वतःही वाकून बघायचे.

या टेबलाच्या टोकाला ग्रंथालयातल्या काकू बसायच्या. त्यांचं काम ठसे पुसण्याचं. शेजारी ओल्या स्पंजची ताटली, मांडीवर एक पांढरं सुती फडकं. हिरवी शाई लागलेला ठसा लाल पॅडवर गेला तर पॅड कायमचं मातकट होतं, म्हणून दर वेळी ठसा त्यांच्याकडून जायचा. आधी स्पंजवर, मग फडक्यावर टिपायचा. कुणी घाईनं तसाच पुढे न्यायला लागलं तर त्या वर न बघता म्हणायच्या, “अगं, त्याला तोंड धुऊ दे की.”

ते फडकं दर वर्षी तेच असायचं. धुवायच्या, पण शाई थोडीच जाते. घंटांवर देवदार, देवदारांवर पक्षी, त्यावर ‘शुभेच्छा’ उलट्या अक्षरांत, अशी गर्दी. पॅडचा रंग बदलला की त्या फडक्याची जागा बदलायच्या, म्हणून एका कोपऱ्यात निळं, एका कोपऱ्यात शेंदरी साचलेलं. मी एकदा विचारलं, काकू, नवं फडकं देऊ का आणून? तर म्हणाल्या, “का गं, हे काय वाईट आहे?”

मधल्या वेळात सर गोष्टी सांगायचे. त्यातली हेन्री कोलची मला अजून पाठ आहे. लंडनच्या या गृहस्थाला 1843 साली इतक्या लोकांना सणाची पत्रं लिहायची होती की वेळच पुरेना. म्हणून त्यानं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतलं आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. रंग हातानं भरलेले. व्यापारी पद्धतीनं छापलेलं पहिलं नाताळचं कार्ड ते हेच मानतात. चित्रात एक लहान मूलही वाइन पिताना दाखवलं होतं, त्यावरून काही लोक चिडले. गोष्ट संपवताना सर हमखास म्हणायचे, “त्यानं वेळ वाचवायला कार्ड काढलं, आणि तुम्ही एका घंटेला सकाळ घालवलीत.” गुडइयरला गंधक घालून तापवलेल्या रबराचं पेटंट 1844 साली मिळालं, हेही ते सांगायचे. साधं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. या युक्तीनं ते दोन्ही थांबलं, आणि रबरी ठसे त्यानंतरचे. सर गेल्यावर या गोष्टी सांगायची जबाबदारी कुणी घेतली नाही, ते बरंच झालं. त्यांच्यासारखा हॉर्स्लीचा उच्चार कुणाला जमला नसता.

तिसरं टेबल मशीनचं, आणि माझा सगळा जीव तिथे अडकलेला. आधी आकार कापायला नुसत्या कात्र्या होत्या. मग एका वर्षी मंडळानं हातानं फिरवायचं डाय कटिंगचं मशीन घेतलं. मशीन कसलं, दोन रुळांमधून थर ढकलणारा चरकच. पण त्यातून जेव्हा पहिला हिमकण निघाला, जाळीदार, प्रत्येक टोक सारखं, तेव्हा वर्गात कुणी बोललंच नाही. डाय म्हणजे धारदार कडांचा लोखंडी आकार. बुटांचे तळवे कापायला अशाच साच्यांचा उपयोग पूर्वीपासून होत आला आहे. इथे तेच तंत्र कागदावर. खाली आधाराचा थर, त्यावर कापायची पाटी, मग कागद, त्यावर डाय, धार कागदाकडे, वर पुन्हा पाटी. हा क्रम चुकला तर खेळ संपला.

मला हँडलपाशी उभं राहायची संधी आठ वर्षांनी मिळाली. शाळा सुटून गेली होती, पण मंडळ सुटलं नव्हतं. त्या एका हँडलसाठीच दर डिसेंबरात जात होते म्हणायला हरकत नाही. आणि पहिल्याच फेरीला मी उत्साहात एक पाटी जास्तीची घातली. हँडल अर्ध्यात अडलं. चरकातून कडकड आवाज तसाही येतो आणि घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी ऐकलेलं होतं, म्हणून न घाबरता जोर लावला. पाटी उभी फुटली. सगळा वर्ग माझ्याकडे. मशीनवाला दादा फुटलेली पाटी उचलून शांतपणे म्हणाला, “चला, आता लहान डायांना दोन छोट्या पाट्या झाल्या.” त्या दोन तुकड्यांवर आम्ही पुढची किती वर्षं चांदण्या कापल्या.

पुढे त्या चरकाच्या सवयी कळत गेल्या. एकाच बाजूनं वापरलेली पाटी बाकदार होते, म्हणून दर वेळी उलटायची. बारीक जाळीचा डाय असेल तर कागद आणि डाय यांच्यामधे मेणकागदाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे आकार अलगद सुटतो. नाहीतर सुईनं एकेक भोक टोचत बसा. कोपरा कापला जात नसेल तर नेमक्या त्या जागी साध्या कागदाची चिठ्ठी घालायची. तेवढ्यानं दाब वाढतो. आणि आकार निघून गेल्यावर कागदात उरलेली खिडकी फेकायची नाही. तीच कार्डावर चौकट म्हणून बसते, किंवा तिच्यातून स्पंजनं रंग थोपटला की खाली तोच आकार उमटतो. एकाच डायनं लाल आणि हिरवा असे दोन कागद कापायचे आणि लालमधली चांदणी हिरव्याच्या खिडकीत बसवायची, हे तर आमचं जादूचं काम. जोड दिसायचा नाही.

चिकटवण्याच्या आणि पाकिटाच्या टेबलांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण तिथे मी कधी टिकले नाही. मला तिथे चकाकी भुकटीचा राग यायचा. ती तुमच्या भुवईत जाते आणि होळीपर्यंत निघत नाही.

चांदण्यांचं मात्र सांगायलाच हवं. ‘शुभेच्छा’चा ठसा तिरका पडला, शाईचं बोट उमटलं, कडा फाटली, काहीही झालं तरी काकूंचा एकच उपाय होता: “लाव तिथे चांदणी.” फोमचा छोटा तुकडा मागे चिकटवून चांदणी जरा उचलून लावली की खालचा अपराध झाकायचा. त्यामुळे लहान मुलांनी केलेली कार्डं कायम जास्त चांदण्यांची असायची. एकदा एका निवृत्त बाईंनी कळवलं, यंदाचं आकाश फार सुंदर जमलंय. त्या कार्डावर अकरा चांदण्या होत्या. अकरा! एका वर्षी तर एका मुलानं सबंध गठ्ठा उलट्या बाजूनं छापला, म्हणजे कार्ड डावीकडून उघडावं लागायचं. चांदणीनं हे झाकणं शक्यच नव्हतं. सरांनी गठ्ठा हातात घेतला, वाचला आणि जाहीर केलं, ही डावखुऱ्यांसाठी खास आवृत्ती. मंडळातल्या डावखुऱ्यांची यादी करून ती त्यांनाच पाठवली.

मग एका वर्षी काकू आल्या नाहीत. गुडघे, जिने, नेहमीचंच. त्यांनी फडकं मात्र कुणाच्या तरी हाती पाठवलं होतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. त्यांच्या जागेवर मी बसले. दिवसभर ठसे टिपले. दुपारी लक्षात आलं की त्या कोपऱ्यातून पाचही टेबलं दिसतात, आणि ज्याच्या हातातून ठसा येतो त्याचा हात किती जोराचा आहे हे कापडावरच्या डागावरूनही कळतं. बिनचोचीचा पक्षी तर सबंध फडक्यावर होता, कुठे फिकट, कुठे गडद, कितीतरी वेळा.

संध्याकाळी एक कार्ड त्यांच्यासाठी करायचं ठरलं. दादा म्हणाला, चांदणी या फडक्याचीच कापू या. कापड तसं चरकात नीट कापलं जात नाही, धागे लटकत राहतात. म्हणून एका कोपऱ्यावर मागून कागद चिकटवला, वाळू दिला, आणि डाय ठेवून दोनदा फिरवलं. निळ्या आणि शेंदरी डागांच्या मधोमध, जिथे अर्धी घंटा आणि उलटी ‘शु’ होती, तिथली चांदणी निघाली. कडेला तीन-चार धागे राहिलेच. कार्डावर दुसरं काही लावलं नाही. मागे मंडळाचा ठसा मारला, आणि तो पुसायला त्याच फडक्याचा उरलेला भाग घेतला.

जानेवारीत त्यांचं पाकीट आलं. आत पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी. “चांदणी पोचली. कडेचे धागे कापले मी. पण फडक्याला भोक पाडून बसलात, आता ठसे कशानं पुसणार?” सोबत एक नवं, कोरं, पांढरं फडकं, चारही कडा हातानं दुमडून शिवलेल्या.

पुढच्या डिसेंबरात त्यावर पहिला डाग हिरवा पडला. देवदार.